क्लोनमध्ये नेटवर्क गायब: हातानं दुरुस्ती का विर्ट-सिसप्रेप?

उद्यमनगरात एका क्लायंटकडं अजून सेंटओएस ६ (जुनी लिनक्स सिस्टीम) चालतंय, व्हर्च्युअल मशीनचा क्लोन (हुबेहूब कॉपी) मारला की ईथ० (पहिल्या नेटवर्क कार्डाचं नाव) गायब आन् ईथ१ हजर, कारण क्लोनला नवा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) मिळतोय पण यूडेव्हच्या (कार्डांना नावं देणारा लिनक्सचा भाग) ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स फाईलमध्ये जुनाच ठाण मांडून बसलेला असतोय. एकच मशीन असंल तर हातानंच करा, ती फाईल उडवा, आयएफसीएफजी-ईथ० या कार्डाच्या सेटिंग फाईलमधली एचडब्ल्यूएडीडीआरची (म्हणजे जुन्या मॅकची) ओळ काढा, रीबूट, विषय संपला. ढीगभर क्लोन काढायचे असतील तर मात्र विर्ट-सिसप्रेप हे मशीन साफ करून देणारं टूलच लई भारी, मशीन बंद ठेवून चालवायचं, वरच्या दोन्ही गोष्टी जातात शिवाय मशीनची ओळख सांगणारे एसएसएच (दुरून लॉगिनची सोय) होस्ट की आणि मशीन-आयडी पण साफ (हातानं करताना हेच हमखास राहतंय!). फक्त ते युजरच्या .एसएसएच फोल्डरवर (लॉगिनच्या की इथंच असतात) पण झाडू फिरवतंय, तेवढं ऑपरेशन आधीच वगळा, नाहीतर कीवर चालणारी लॉगिन बोंबलली म्हणून समजा.