होम असिस्टंट ग्रीन वर्षभर वापरून: लातूरची मोटार संभाजीनगरहून

आमच्या लातूरच्या घरी नळ रोज येत नाही, कधी सहा दिवसाला, कधी आठ-दहा दिवसाला, आणि येतो तेव्हा त्याच्या वेळेनं येतो. रात्री अडीचला सुटला तर अडीचला उठायचं. हौद लहान आहे, तासाभरात भरतो, आणि नळ चालू असतानाच मोटार लावून पाणी वरच्या टाकीत चढवलं तर हौद दुसऱ्यांदा भरून घेता येतो. नाही चढवलं तर पुढचे आठ दिवस टँकर बघायचा. आई-दादा (दादा म्हणजे माझे वडील) दोघंच तिथं राहतात, मी संभाजीनगरला, मध्ये बीड-अंबाजोगाई मार्गे पाच-सहा तासांचा रस्ता. दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, की यांना रात्री अंगणातल्या मोटारीच्या स्टार्टरपर्यंत जायला लागू नये.

आता कुणी म्हणेल एक रात्र पाणी गेलं तर काय होतंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलेलं. ज्या माणसानं ते दिवस काढले त्याला तुम्ही नळाचं पाणी सोडून झोपा म्हणून सांगू शकत नाही. दादा नळाच्या वाराला नीट झोपायचेच नाहीत, पाण्याच्या आधी पाइपातून हवा येते ना सूं सूं करत, त्या आवाजाकडं कान लावून पडलेले असायचे.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग घेतला, आणि चुकले. एक वाय-फायवाला १६ अँपियरचा स्मार्ट प्लग घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, ॲप टाकलं आणि मोटार त्याच्यावर लावली. पंधरा दिवस मस्त चाललं. मग एका रात्री मी इथून चालू केली, ॲपमध्ये हिरवं दिसतंय, मी निवांत. अर्ध्या तासानं दादांचा फोन, "अगं माय, तू चालू केली म्हनलीस, पन पानी चढंना गेलंय, मोटारच गप हाय." प्लगला हुकूम पोचलाच नव्हता, ॲप मात्र चालू दाखवत होतं. ते एक वेळ चाललं असतं. पुढच्या महिन्यात उलटं झालं, मोटार चालू असताना लाईट गेली, पहाटे लाईट आली तर प्लग आपोआप आधीच्याच स्थितीत म्हणजे चालू झाला, हौद रिकामा, मोटार कोरडी फिरत राहिली सकाळपर्यंत. जळाली. रिवायंडिंगला दिली, चार दिवस मोटार नाही आणि त्यात नळाचा वार गेला. आई मला एक शब्द बोलली नाही पण मला लई लागलं ते.

तेव्हा मला कळलं की लांबून बटण दाबता येणं ही फार मोठी गोष्ट नाही, कुठलंही स्वस्तातलं ॲप ते करतं. मी चालू केली आणि ती चालू झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला अडीचशे किलोमीटरवरून दुसरी गोष्ट कळायला पाहिजे. हा रिव्ह्यू मी त्याच एका कसोटीवर लिहितेय.

होम असिस्टंट हे मुळात घरातली यंत्रं एका जागेवरून बघायचं-चालवायचं फुकटचं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २०१३ पासून आहे, आता ओपन होम फाउंडेशन नावाच्या संस्थेकडं आहे. जुन्या कॉम्प्युटरवर, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर, कशावरही चालतं. पण मला ते कार्ड जळणं, केबल जुळवणं नको होतं, म्हणून त्यांचाच तयार डबा घेतला, ग्रीन. २०२३ ला ९९ डॉलरला आला होता, इथं मागवताना ड्यूटी आणि कुरिअर धरून जास्तच पडतो हे आधी धरून चाला. हाताच्या पंजाएवढा डबा, आत ४ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, ती मेमरी बोर्डावरच आहे म्हणजे लाईट जाऊन येऊन मेमरी कार्ड खराब व्हायची भानगड नाही. आमच्याकडं दिवसातून किती वेळा लाईट जाते ते बघता हा मुद्दा छोटा नाही.

डब्यात वाय-फाय नाही, राउटरला केबलनंच जोडायचा. झिगबी, म्हणजे छोट्या सेन्सर-स्विचांशी बिनतारी बोलायची पद्धत, ती पण नाही, त्याचा पेनड्राईव्हसारखा डोंगल वेगळा घ्यायचा. हे बऱ्याच जणांना घेतल्यावर कळतं म्हणून आधीच सांगते, बजेट दोन्हीचं धरा. डोंगल डब्याला थेट खोचू नका, एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून जरा लांब टांगा, नाहीतर रेंज मार खाते.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठल्या जाहिरातीत नाही. हा डबा १२ व्होल्टच्या गोल पिनेवर चालतो आणि खातो फक्त दोन-तीन वॅट. राउटरसाठी तो छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो ना बाजारात, त्याच्यावर राउटर आणि ग्रीन दोन्ही चालतात. म्हणजे लाईट गेली तरी हब (हाच डबा) जिवंत, नेट जिवंत, आणि मला इथं कळतं की लातूरला लाईट गेलीय. फोन न करता. (पिनेचा आकार आणि यूपीएस किती अँपियर देतो ते मात्र बघूनच घ्या.)

आता मोटारीचं. वायरमन मामांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती मला कुणी आधी सांगायला पाहिजे होती, की मोटारीचा करंट चालू होताना कितीतरी पट उसळतो, तो असल्या नाजूक प्लगमधून घ्यायचाच नाही. त्यांनी कॉन्टॅक्टर बसवला, म्हणजे मोटारीचा जड करंट झेपणारा विजेवर चालणारा मोठा स्विच, आणि झिगबीचा छोटा रिले (हबच्या हुकमावर चालणारा छोटा स्विच) फक्त त्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला चालू-बंद करतो. जुना स्टार्टर तसाच ठेवलाय, हब मेला नेट मेलं तरी दादा हातानं मोटार लावू शकतात. हे काम घरी बसून व्हिडिओ बघून करू नका, चांगला वायरमन बोलवा.

त्याच्याच शेजारी करंट मोजणारा मीटर बसवला, वायरभोवती कडं घालतात तसला. आणि खरी जादू इथं आहे. आमची १ एचपीची मोटार पाणी ओढत असली की हजार वॅटच्या आसपास दाखवते. हौद संपला, मोटारीत हवा घुसली की आकडा सहाशेच्या खाली पडतो, कारण पाणी उचलायचं ओझंच नसतं. आणि चालूच झाली नसली तर शून्य. आता मी बटणाचा रंग बघतच नाही, आकडा बघते. हजार आलं की झोपते.

त्याच आकड्यावर एक नियम लावलाय, सातशेच्या खाली ४० सेकंद राहिला की मोटार बंद कर आणि मला नोटिफिकेशन पाठव. सुरुवातीची काही सेकंदं सोडून द्यायची, नाहीतर मोटार पाणी धरायच्या आतच हा नियम तिला बंद करतो, मला ते दोन दिवसांनी उमगलं. हा नियम हबमध्येच चालतो, लातूरच्या घरातच, नेट असो नसो. मागच्या पावसाळ्यात केबलवाल्याची फायबर तुटली, तीन दिवस नेट नव्हतं, मला इथून काहीच दिसत नव्हतं, पण मोटार हौद संपला की बरोबर बंद होत होती. आणि रिलेच्या सेटिंगमध्ये लाईट आल्यावर बंदच राहायचं असं करून ठेवलंय. रिले घेताना ही सेटिंग आहे का ते विचारूनच घ्या, आमची मोटार ह्याच एका गोष्टीनं जळाली होती.

नळ आला हे कसं कळतं? गळती ओळखणारा झिगबी सेन्सर मिळतो, बेसिनखाली ठेवतात तो, त्यातला वायरवाला घेतला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली तापलेल्या सुईनं दोन भोकं पाडली, डबा हौदात नळाच्या तोंडाखाली तारेनं बांधला, सेन्सरची दोन टोकं त्यात, आणि सेन्सर वर भिंतीला. नळ सुटला की डबा भरतो, टोकं ओली, माझ्या फोनवर आणि दादांच्या खोलीत घंटी. नळ गेला की डबा भोकातून रिकामा होतो, मिनिट-दीड मिनिटात नळ गेल्याचं पण कळतं. पहिल्यांदा एकच बारीक भोक पाडलं होतं तर त्यात गाळ बसला आणि आमचा नळ दोन दिवस चालू दाखवत होता. आता आई हौद धुताना डबा पण धुते.

झिगबीबद्दल एक सांगते, कारण पहिला आठवडा माझा ह्यात गेला. रेंज भिंतीभिंतीतून मार खाते, आमची जुनी जाड भिंत, हौद अंगणात, हब आतल्या खोलीत. सेन्सर सारखा गायब व्हायचा. झिगबीमध्ये लाईटवर चालणारं जवळपास प्रत्येक यंत्र पुढचा निरोप पोचवतं, सेलवर चालणारी पोचवत नाहीत. ओसरीत एक झिगबी प्लग लावला, त्याला काहीच जोडलेलं नाही, फक्त निरोप पोचवायला, आणि प्रश्न मिटला. वाय-फाय आणि झिगबी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात म्हणून राउटर चॅनेल १ वर आणि झिगबी २५ वर ठेवलंय. चॅनेल आधीच ठरवा, सगळी यंत्रं जोडल्यावर बदललं की काही काही परत जोडायला लागतात.

आता लांबून कसं चालवायचं. घरातल्या घरात ॲप लगेच चालतं, घराबाहेर पडलं की अडतं. जुने लोक सांगतात राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा, आमच्याकडं ते होतच नाही, कारण नेटची कंपनी कितीतरी घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (नेटवरचा पत्ता) देते, बाहेरून येणाऱ्याला आमचं दार सापडतच नाही. आणि होत असलं तरी करू नका, होम असिस्टंटचं ८१२३ पोर्ट असं जगाला उघडं ठेवणं म्हणजे कुलूप न लावता गावाला जाणं आहे. दोन रस्ते आहेत. एक, होम असिस्टंटवाल्यांचीच क्लाउड सेवा, महिन्याला साडेसहा डॉलर, काही करायला लागत नाही, बटण दाबलं की झालं, आणि तो पैसा त्या सॉफ्टवेअरच्याच कामाला लागतो. दुसरा, टेलस्केल, म्हणजे लांबची यंत्रं एका खासगी नेटवर्कात जोडणारी सेवा, हबमध्ये त्याचं ॲड-ऑन (जोड-ॲप) टाकायचं, फोनमध्ये ॲप टाकायचं, दोन्हीकडं एकाच खात्यानं लॉगिन, की फोन आणि हब जणू एकाच घरात. घरगुती वापराला फुकट आहे. मी हाच वापरते, वीस मिनिटांत झालं. नोटिफिकेशनला दोन्हीपैकी काहीच लागत नाही, ती अशीच येतात. पासवर्डबरोबर दुसरा कोड विचारायची सोय आहे ती मात्र चालू करा, शेवटी घराची मोटार आहे ती.

अपडेट दर महिन्याला येतात. मी लांबून अपडेट करत नाही, लातूरला गेले की आधी बॅकअप घेते मग करते. काही अडलं तर डब्यासमोर मी असायला पाहिजे, आई-दादांना त्यात पाडायचं नाही.

कुणी घ्यावं? नुसते दिवे-पंखे बोलून लावायचे असतील तर हा घेऊ नका, त्याला सोप्या गोष्टी आहेत. ह्याला दोन-तीन रविवार द्यायला लागतात, घरात एक तरी माणूस असा लागतो जो वाचून वाचून करील. पण आई-वडील एका गावी आणि आपण दुसऱ्या, आणि तिकडं पाणी-लाईटचा भरवसा नाही, अशांनी बिनधास्त घ्यावा. वर्ष झालं, मोटार एकदाही कोरडी फिरलेली नाही.

जुना एक टॅब पडून होता तो दादांच्या पलंगाशेजारी भिंतीला लावलाय, त्यावर फक्त तीन गोष्टी, नळ आहे का, मोटार किती वॅट, आणि एक मोठं बटण. मला वाटलं ते हात लावणार नाहीत. गेल्या महिन्यात रात्री तीनला नळ आला, मी फोन उचलून मोटार लावायला गेले तर हजार दाखवतंय, कुणीतरी आधीच लावलेली. फोन केला तर म्हणाले, "झोप तू. नऊशे ऐंशीवर हाय, पानी येलालंय." आता म्हणतात बोअरची मोटार पण ह्यात घे. ती थ्री फेज आहे, तिला वेगळा मीटर आणि फेज गेली तर बंद करणारा रिले लागतो, वायरमन मामांशी बोलणं झालंय, दिवाळीला गेले की ते काम काढणार आहे.