डीअँडडी पाचवी एडिशन, आठ महिन्यांनंतर: हिरो व्हायला एक लेव्हल कमी पडली

आठ महिने झाले, दर रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवर माझ्या घरी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) खेळतोय, टेबलाभोवती बसून डाईस टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, प्रत्येकाचं एक पात्र, पाचवी एडिशन, 2014 चे नियम, आणि तेही फुकट मिळणारे बेसिक रूल्सच, पुस्तकं अजून घेतलेली नाहीत. चारच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत त्यात, फायटर (लढवय्या), क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी), रोग (इंग्रजी rogue, चपळ चोर), विझार्ड (जादूगार), आणि आम्हीही चौघंच, त्यामुळे भांडण नाही. विझार्डवाला कळव्याचा, क्लेरिक ऐरोलीची, फायटर म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधले बँकेतून रिटायर झालेले काका, आणि मी रोग. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा, माझा भाऊ.

नियम समजायला सोपे आहेत हे सगळेच सांगतात, मी परत सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते हिरोगिरीबद्दल, कारण आम्ही सगळे आलो होतो त्यासाठीच आणि पहिले चार-पाच महिने ती मिळालीच नाही.

कारण मरणंच स्वस्त आहे हो. एचपी म्हणजे उरलेला जीव, तो शून्य होऊन पडलात की दर टर्नला वीस बाजूंचा डाईस टाकायचा, 10 किंवा वर आला तर पास, तीन पास झाले की वाचलात, तीन फेल झाले की गेलात. पण तीन फेल होऊ देतं कोण, क्लेरिककडे हीलिंग वर्ड नावाचा मंत्र असतो, 60 फुटांवरून नुसतं बोलायचं की पडलेला चार-पाच एचपी घेऊन उठतो, परत पडतो, परत उठतो. भोवऱ्यासारखं. काका एका मारामारीत तीनदा पडले आणि मधे चहा पण पिऊन झाला त्यांचा. इन्स्पिरेशन नावाचा प्रकार आहे, छान खेळलात की डीएम देतो आणि मग एका रोलला दोन डाईस टाकून मोठा आकडा घेता येतो, पण तो मिळालाय हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. शेवटी भावाने ज्याला मिळेल त्याच्यासमोर सुपारी ठेवायला सुरुवात केली. दोनदा ती काकांनी खाल्ली.

आणि पळून जायचं म्हणाल तर नियम तुम्हाला पळू देत नाहीत. माणूस एका टर्नला 30 फूट, डॅश केलं, म्हणजे हल्ला सोडून नुसतं पळालं, तर 60. लांडगा 40, डॅश करून 80. म्हणजे लांडगे मागे लागले की हिशेबानेच मेलात, मग पळतंय कोण, सगळे तिथंच उभे राहून लढतात आणि सगळेच शूर. सगळेच शूर असले की कुणीच नसतं असं माझं मत झालंय. बाजीप्रभू 1660 ला घोडखिंडीत उभे राहिले तेव्हा बाकीचे विशाळगडाकडे निघाले होते म्हणून त्या उभं राहण्याला अर्थ होता ना. आमच्या टेबलावर बाजी व्हायला चारही तयार, गडाकडे जायला कुणी नाही.

मग तो पुलाचा रविवार आला. विझार्ड बेशुद्ध, मागे आठ लांडगे, काकांकडे 9 एचपी उरलेले. काकांचं पात्र ड्वार्फ, म्हणजे बुटका, स्पीड 25. काका नकाशाकडे बघून शांतपणे म्हणाले, "मला तसंही पळता येत नाही, तुम्ही व्हा पुढं." पूल नकाशावर एकाच चौकोनाइतका रुंद, एका वेळी एकच लांडगा समोर. लांडग्यांपेक्षा जोरात पळू शकणारा मीच एकटा, रोगला बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच टर्नमधल्या जादा कृतीत, अजून एक डॅश मिळतो, एका राउंडला 90 फूट, म्हणून गावात जाऊन घंटा वाजवायचं काम माझ्याकडे आलं. मी पळालो. खरं सांगतो, आठ महिन्यांत इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं, आणि होतं काय तर माझं पात्र म्हणून ठेवलेलं प्लॅस्टिकचं एक झाकण नकाशावर पुढे सरकवायचं.

क्लेरिक 60 फुटांवर थांबून काकांना दोनदा उठवत होती. दुसऱ्यांदा उठल्यावर काका म्हणाले, "आता तू विझार्डला उचल आणि नीघ. वळायचं नाही." एक चौकोन पाच फुटांचा, बारा चौकोन म्हणजे 60 फूट. तिने बोटाने मोजले, बाराव्यावर बोट ठेवून जरा थांबली, आणि तुकडा तेराव्यावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. काका तिसऱ्यांदा पडले. पहिला रोल 6. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली आणि काका म्हणाले, "झाल्या बघ तोफा, पोचला हा." मी खरंच त्याच राउंडला वेशीत पोचलो होतो. पुढचा रोल 1, आणि 1 आला की दोन फेल धरतात. संपलं.

सहा राउंड, म्हणजे नियमाने 36 सेकंद. आम्हाला पावणेदोन तास लागले. 1974 च्या मूळ गेममध्ये फायटरला चौथ्या लेव्हलला हिरो म्हणायचे, तसा किताबच होता. काका तिसऱ्यावर गेले.

2024 च्या नवीन नियमांत ड्वार्फचा स्पीड पण 30 करून टाकलाय, जवळपास सगळ्यांना सारखा. बरोबरही असेल, पण आम्ही जुन्यावरच राहणार आहोत. काकांनी पुढच्या रविवारी नवीन पात्राचं शीट भरून आणलं, हाफलिंग, तोही बुटकाच. मी आधी स्पीड बघितला. 25.