ईपीएलच्या लॅमिनेट ट्यूब : क्रीम-मलम भरणाऱ्यांसाठी परीक्षण

कसारा लाइनवर खडवली आणि आसनगावच्या मध्ये वाशिंद लागतं. आपल्या मोरीतल्या टूथपेस्टची ट्यूब अ‍ॅल्युमिनियमची राहिली नाही, यात ठाणे जिल्ह्यातल्या या गावाचा मोठा वाटा आहे. सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाने १९८२ साली ट्यूब बनवणारी एस्सेल पॅकेजिंग काढली. म्हणजे त्यांच्याच झी टीव्हीच्याही दहा वर्षं आधी. २००० मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोपॅकचा ट्यूबचा धंदा त्यात मिसळला आणि पुढे नाव एस्सेल प्रोपॅक झालं. २०१९ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने बहुतांश हिस्सा घेतला, २०२० मध्ये पाटी बदलून ईपीएल झाली. नोंदणीकृत पत्ता मात्र वाशिंदचाच आहे.

इतिहास इथपर्यंत पुरे. तुर्भे-रबाळे किंवा अंबरनाथला क्रीम, मलम, फेसवॉश भरणाऱ्यांना ट्यूब निवडताना काय बघायचं ते कळायला हवं. आमचं मत आधीच सांगतो : माल उत्तम आहे, पण चुकीचं लॅमिनेट, म्हणजे थरांवर थर चिकटवून केलेलं ट्यूबचं आवरण, निवडलं तर उत्तम ट्यूबही तीन महिन्यांत तोंडघशी पाडते. आणि निवड बहुतेक वेळा छपाईचा नमुना बघून होते, तिथेच गाडं अडतं.

दोन मुख्य जाती आहेत. एबीएलमध्ये मधोमध अ‍ॅल्युमिनियम फॉइल असते, पीबीएलमध्ये तिच्या जागी ईव्हीओएच नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर. एकूण जाडी साधारण २५० ते ३५० मायक्रॉन आणि त्यात फॉइल जेमतेम १२ ते ४०. बाकी सगळं पॉलिथिलीन. फॉइलला पॉलिथिलीन सरळ चिकटत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ईएए हा चिकट थर घालावा लागतो. ट्यूबचं अर्धं आयुष्य या थरावर अवलंबून असतं, पण चौकशीच्या मेलमध्ये त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही.

वेदनाशामक मलमाचं उदाहरण घ्या. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, शिवाय मेंथॉल, कापूर, निलगिरी. ही तेलं आतल्या पॉलिथिलीनमधून सावकाश झिरपतात, चिकट थरापर्यंत पोचतात आणि फॉइल सुटायला लागते. बाहेरून आधी काहीच दिसत नाही. मग ट्यूबच्या अंगावर बारीक फोड येतात आणि दाबल्यावर आतला पापुद्रा सरकल्यासारखा वाटतो. लवंग तेल घातलेल्या पेस्टमध्येही हीच तक्रार येते. उपाय म्हणजे कोटेशन मागतानाच फॉर्म्युल्यातल्या तेलांचं प्रमाण सांगायचं आणि त्याला टिकणारी रचना मागायची. मग भरलेल्या ट्यूब ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला किमान तीन महिने ठेवायच्या, औषध असेल तर सहा. दर महिन्याला एक ट्यूब उभी कापून, धुऊन, कडेला नखाने थर सोलून बघायचा. सहज सुटला तर ती रचना बाद.

व्हिटॅमिन सी किंवा हायड्रोक्विनोनसारखं हवेने काळवंडणारं औषध असेल तर डोळे झाकून एबीएल घ्या. कारण केवळ फॉइलमधून हवा जात नाही एवढंच नाही. फॉइलची ट्यूब दाबली की बरीचशी दबलेली राहते. पीबीएल पुन्हा फुगते आणि प्रत्येक वेळी तोंडातून हवा आत ओढते. पीबीएलची कांती सुंदर दिसते, हातात गोल राहते, म्हणून फेसवॉश आणि हेअर जेलवाल्यांना ती आवडते आणि तिथे ती योग्यच आहे. ईव्हीओएच ओलसर झालं की ऑक्सिजन अडवण्याची त्याची ताकद कमी होते, म्हणून ते दोन्हीकडून पॉलिथिलीनमध्ये दडवलेलं असतं. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता सांधा. लॅमिनेटच्या सपाट रिळावर आधी छपाई होते, मग ते गोल वळवून कडेवर कड चढवून जोडतात. एबीएलमध्ये हाय फ्रिक्वेन्सीच्या विजेने फॉइलच तापते आणि पॉलिथिलीन वितळून जोड बसतो. पीबीएलमध्ये धातू नाही, त्यामुळे उष्णता बाहेरून द्यावी लागते. या जोडाची आतली कड कापलेली असते, म्हणजे फॉइलची धार मालाच्या बाजूला उघडी राहू शकते. चांगल्या जोडात वितळलेलं पॉलिथिलीन थोडं बाहेर येऊन ती धार झाकतं. नमुना हातात आला की ट्यूब उभी चिरून ही रेघ भिंगाखाली बघा. आम्लधर्मी क्रीम असेल तर इथूनच गंज धरतो. वाशिंदच्या मालाकडून या रेघेत सातत्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही, इतक्या वर्षांचा हात त्यावर बसलेला आहे.

खांदा म्हणजे ट्यूबचा वरचा निमुळता भाग. तो बहुधा साध्या पॉलिथिलीनचा असतो आणि अंगाला कितीही फॉइल असली तरी वास तिथून उडू शकतो. सुवास टिकवायचा असेल तर खांद्यात आतून बसणारी अडथळा-चकती मागा. खर्च वाढतो, पण पुदिन्याच्या पेस्टला तिच्याशिवाय पर्याय नाही.

मापं ठरलेली आहेत : १५ ग्रॅम मलमाला साधारण १९ मिलिमीटर व्यासाची, ५०-६० ग्रॅम फेसवॉशला ३० किंवा ३५ची. लांबी मात्र तुम्ही ठरवता. माल भरल्यावर मागे मोकळी जागा ठेवूनच लांबी सांगा, नाहीतर मागचं उघडं टोक बंद करणाऱ्या सीलच्या पट्टीवर माल लागतो. ही पट्टी साधारण ५ मिलिमीटर रुंद असते आणि तिथे वार्निश नको हे आर्टवर्कवर स्पष्ट लिहा.

सील न बसण्याच्या तक्रारींत ट्यूबपेक्षा मशीनचा दोष जास्त वेळा निघतो. नोझलमधून माल तार धरून येतो आणि आतल्या कडेला चिकटतो. त्यावर गरम हवा मारली तरी जोड बसत नाही. नोझल ट्यूबमध्ये खाली उतरून भरत भरत वर येणारं आणि शेवटी माल मागे ओढणारं हवं. दुसरी जागा अगदी बारीक आहे. जिथे उभा सांधा सीलला मिळतो तिथे लॅमिनेट दुहेरी होतं आणि पायरीशेजारी केसाएवढी वाट उरते. सांधा सीलच्या टोकाला आला तर गळती हमखास. आय मार्क, म्हणजे मशीनच्या सेन्सरसाठी छापलेली खूण, नीट वाचला जाऊन सांधा पाठीवर मध्यभागी येतो का ते पहिल्या पन्नास ट्यूबमध्येच बघा. मग भरलेल्या ट्यूब टिपकागदावर आडव्या ठेवून व्हॅक्यूममध्ये ओढा. तेलाचा डाग उमटला की कारण लगेच सापडतं.

प्लॅटिना ही ईपीएलची एचडीपीईवर, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनवर, आधारलेली ट्यूब. फॉइल नसल्यामुळे ती पुनर्वापराच्या एचडीपीईत जाऊ शकते. दोन अटी आहेत : झाकणही एचडीपीईचंच घ्या, पॉलिप्रॉपिलीनचं फ्लिप-टॉप लावलं तर अर्धा फायदा तिथेच जातो. आणि फॉइलइतका अडथळा गृहीत न धरता वरचीच चाचणी तिलाही लावा. ईपीआरच्या, म्हणजे प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या नियमाच्या, नोंदणीत फॉइलवाली ट्यूब व्याख्येनुसार बहुस्तरीय, म्हणजे तिसऱ्या वर्गात बसते, निव्वळ प्लॅस्टिकची बहुपदरी ट्यूब दुसऱ्यात. वर्षाचा हिशेब करताना हा फरक जमेस धरा.

लहान भरणाऱ्यांना अडचण येते ती ऑर्डरच्या आकाराची. छपाई रिळावर होते आणि डिझाइन बदललं की जुळवणीत बरंच लॅमिनेट वाया जातं, त्यामुळे दोन-पाच हजार ट्यूबसाठी इतकी मोठी लाइन परवडत नाही. त्यांनी कोऱ्या पांढऱ्या ट्यूब घेऊन लेबल लावावं किंवा लहान कारखाना गाठावा. तिथेही ईएए आणि सांध्याचेच प्रश्न विचारायचे.

माल आला की खोकी एकावर एक छतापर्यंत रचू नका, विशेषतः पत्र्याच्या शेडखाली. वजनाने आणि उष्णतेने ट्यूब लंबगोल होतात आणि मशीनच्या कपात बसत नाहीत. खोकी फोडल्यावर उघडी तोंडं झाकून ठेवा. पुठ्ठ्याची भुकटी आत गेली तर ती शेवटी क्रीममध्ये सापडते.