मानेची वळी लाल झाली : कोणती ट्यूब घ्यावी, कोणता डबा दुकानातच ठेवावा

तीन-चार महिन्यांचं गुटगुटीत बाळ म्हणजे वळ्याच वळ्या. मान, काख, कोपर, जांघ, गुडघ्यामागे, घोट्यापाशी. मांडीवर तर एकाखाली एक दोन. बघणाऱ्याला बाळसं दिसतं, पण वळी उघडली की आत ओलसर, लालभडक, कधी सोलवटलेली रेघ असते. डॉक्टर तिला इन्टरट्रिगो म्हणतात. घरात मात्र सरसकट 'घामोळं' म्हटलं जातं आणि मेडिकलमधून घामोळ्याचा डबा येतो. पहिली चूक ही. घामोळं म्हणजे बारीक दाणे, ते पाठीवर-कपाळावरही उठतात. वळीतली लाली सपाट असते आणि घडीच्या दोन्ही बाजूंना सारखीच उमटते, कारण तिथे कातडी कातडीवर घासत असते. वारा नाही, घाम सुकत नाही, ओली कातडी मऊ पडते आणि मऊ पडलेली कातडी घासली की सोलते. मानेच्या वळीत त्यात दुधाची भर. गुळणी टाकली की दूध हनुवटीवरून सरळ खाली उतरतं, आणि ते पुसलं गेलं नाही तर संध्याकाळपर्यंत आंबट वास मारतं.

म्हणजे या जागेसाठी घेतलेल्या कुठल्याही वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे. ती ओल बाहेर ठेवते का? ती घासणं कमी करते का? या कसोटीवर दुकानातला निम्मा माल बाद होतो.

सगळ्यात आधी बाद होते पावडर. बारशाला आलेल्या प्रत्येक टोपलीत ती असते म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहावं लागतंय. काचेच्या ताटलीत पाण्याचे चार थेंब टाका, वर चमचाभर पावडर भुरभुरवा आणि बोटाने पुढे-मागे चोळा. अर्ध्या मिनिटात तिच्या राखाडी वाती वळतात. बाळाच्या मानेत हेच होतं. पहिली दहा मिनिटं कोरडं वाटतं, मग घाम सुटतो, पावडर भिजते, तिच्या वाती होतात आणि त्या वाती सोललेल्या कातडीवर खरकागदासारख्या घासतात. संध्याकाळी वळी उघडली की पांढऱ्या रेघा दिसतात. त्या पुसायला आणखी चोळावं लागतं. आपल्याकडे आजीच्या फडताळात असायचं ते शंखजिरं म्हणजेच टाल्क, बेबी पावडरीत वापरलं जाणारं तेच खनिज, तेव्हा 'जुनं ते शुद्ध' हा बचावही इथे लागू नाही. जॉन्सन अँड जॉन्सनने 2022 च्या ऑगस्टमध्ये टाल्कची बेबी पावडर 2023 पासून जगभर बंद करून मक्याच्या स्टार्चवर जाण्याचं जाहीर केलं. पण स्टार्च झाला तरी तो भिजून लगदाच होतो. शिवाय डबा झटकताना उडणारा धुरळा बाळाच्या नाकातोंडात जातो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स बाळांना पावडर लावूच नका असं सांगते, ते मुख्यतः या फुप्फुसात जाणाऱ्या धुरळ्यामुळे. मोठ्यांच्या 'थंडगार' पावडरींचं तर नावच नको. डब्यामागे मेन्थॉल, बोरिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड यातलं एकही नाव दिसलं, तर तो डबा बाळाच्या वळीच्या जवळ नेऊ नये. सोललेल्या जागी मेन्थॉल झोंबतं आणि बोरिक ॲसिड अंगात शोषलं जाऊ शकतं.

आता कामाच्या वस्तूंकडे.

साधी पांढरी पेट्रोलियम जेली. वासाशिवाय, रंगाशिवाय, 'बेबी' असं न छापलेली. ग्रॅमच्या हिशोबाने बेबी क्रीमपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि वळी अजून लाल झालेली नसताना किंवा नुसती गुलाबी असताना पुरेशी ठरते. दोन कातड्यांमध्ये तिचा निसरडा थर बसतो, घर्षण कमी होतं, दूध-लाळ थेट कातडीला लागत नाही. खोट एकच, पण मोठी: ती ओल शोषत नाही. ओल्या वळीवर लावली की पाणी आत कोंडतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात जाड थर दिला तर वळी तासाभरात घामाने निथळते. तेव्हा थर पातळच, पोळीला तूप लावतो तितका. बोट फिरवल्यावर नुसती चमक दिसावी, पांढरेपणा दिसू नये.

वळी लाल आणि ओलसर झाली की झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी पूड मिसळलेलं मलम. या कामातली सगळ्यात भरवशाची वस्तू हीच, फक्त ट्यूबवरचा टक्का वाचायला शिकावं लागतं. 10 ते 15 टक्क्यांचं क्रीम रोजच्या वापराला हलकं पडतं, सहज पसरतं, सहज निघतं. 40 टक्क्यांचं म्हणजे चिकट, घट्ट लेप. अमेरिकेतून येणाऱ्या डेसिटिनच्या दोन ट्यूबांमध्ये हाच फरक आहे: रोजची 13 टक्क्यांची, जांभळी जोरदार 40 टक्क्यांची. लंडनहून येणाऱ्या मावशीच्या बॅगेत हमखास असते ती सुडोक्रेमची करडी डबी. तिच्यात झिंक ऑक्साइड 15.25 टक्के आहे, सोबत लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) आणि बेंझाइल अल्कोहोल. काम चांगलं करते, पण उघड्या सोललेल्या कातडीवर काही बाळांना झोंबू शकतं. हिमालयाच्या डायपर रॅश क्रीमवर 'यशद भस्म' वाचून काही जण ती वेगळी जडीबुटी समजतात. यशद म्हणजे जस्त. भस्माच्या रूपात ते मुख्यतः झिंक ऑक्साइडच. आणि बेपँथेन नावाच्या मलमात झिंक नसतंच, तिथे डेक्सपँथेनॉल आणि लॅनोलिनचा मऊ थर असतो. सोललेली जागा भरून येताना ते उत्तम, चिंब ओल्या वळीत मात्र झिंकइतकं उपयोगी नाही.

टक्का छापलेला नसेल तर तो घरी कळत नाही, पण मलम ओल अडवतं का याचा अंदाज घेता येतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं मलम पसरवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा गोल राहिला तर ते आडपडदा धरणारं मलम आहे. थेंब लगेच पसरून दुधाळ झाला तर ते पाण्याचं क्रीम. छान वाटतं, पण पहिल्याच गुळणीला वाहून जातं. सुगंध हाही वजाबाकीचाच मुद्दा. गुलाब-लव्हेंडर आईबापांसाठी असतं, कातडीला त्याचा काही फायदा नाही, झालाच तर त्रास.

किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून निघालेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मानेच्या वळीला त्याच्या निम्मं पुरतं, म्हणजे पाव ग्रॅम. दिवसातून तीनदा लावलं तरी पाऊण ग्रॅम होतं आणि 50 ग्रॅमची ट्यूब एकट्या मानेला दोन महिने जाते. आठवड्यात संपत असेल तर थर पावावरच्या लोण्यासारखा जाड पडतोय आणि दर वेळी जुना थर खरवडून काढला जातोय. झिंकचा स्वच्छ थर काढायचा नसतो. मळलेला, दुधाने पिवळट झालेला तेवढाच, खोबरेल तेलात बुडवलेल्या कापसाने उचलायचा आणि उरलेल्यावर नवा द्यायचा. पाण्याने तो निघत नाही, म्हणून लोक साबण आणि पंचा घेऊन घासतात, आणि मलमाने जे कमावलं ते तिथे जातं.

लावण्याआधीची पाच मिनिटं मलमाच्या किमतीपेक्षा महत्त्वाची. बाळाला उताणं झोपवा, खांद्यांखाली (मानेखाली नव्हे) हातरुमालाची बोटभर जाडीची गुंडाळी द्या. डोकं किंचित मागे जातं आणि एरवी दिसतही नाही ती मानेची खालची वळी उघडते. जुन्या मलमलच्या किंवा धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्याने कोमट पाण्यात वळी पुसा, साबण नको. मग कोरड्या तुकड्याने टिपा. टिपणं म्हणजे कापड ठेवायचं, दाबायचं, उचलायचं, सरकवायचं नाही. त्यानंतर वळी उघडीच ठेवून पाच मिनिटं हवा लागू द्या. पंखा चालू असला तर लांबचा, हेअर ड्रायर अजिबात नको. बोटाच्या पाठीने शिवून बघा: गार लागली तर अजून ओल आहे. उबदार-कोरडी लागली की मगच मलम. दूध पाजून झाल्यावर हनुवटीखाली एकदा कापड टेकवण्याची सवय लागली तर मलमाचा खर्च आपोआप निम्मा होतो. काख-जांघेचं तंत्र हेच, फक्त जांघेत डायपरची कड वळीत रुतत नाही ना ते पाहावं. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये दुपटी वाळतच नाहीत, अर्धवट ओली दुपटी नाइलाजाने वापरली जातात. तिथे इस्त्री फिरवलेलं दुपटं कुठल्याही क्रीमच्या बरोबरीचं.

मालिशवाल्या मावशींच्या कामातही दोन-तीन गोष्टी खटकतात. तेल लावल्यावर डाळीचं पीठ चोळलं की वळीत पिठाची बारीक भाकरी उरते आणि दुसऱ्या दिवशी ती आंबते. ज्या बाळाच्या वळ्या लाल आहेत त्याला वळ्यांपुरतं पीठ बंद. वेखंडाची पूड अंगाला ऊब देते म्हणून लावतात. लाल वळीवर तीच झोंबते. आणि सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार म्हणजे गळ्यातला काळा दोरा आणि कमरेचा करदोटा. आंघोळीत भिजलेला दोरा वळीच्या तळाशी बसतो आणि दिवसभर सुकत नाही. लाली दोऱ्याच्या रेषेतच असेल तर ट्यूब विकत घेण्याआधी दोरा काढा. दृष्ट लागण्याची भीती असेल त्यांनी उशाशी ठेवावा.

तीन दिवस एवढं करूनही लाली हटत नसेल तर प्रकरण नुसत्या ओलीचं राहिलेलं नाही. लालीचा रंग मांसासारखा गडद, आणि कडेच्या बाहेर मोहरीएवढे सुटे लाल ठिपके दिसले, तर बहुधा कँडिडा नावाची बुरशी. तिथे झिंक एकटं हरतं. डॉक्टर सहसा क्लोट्रिमाझोल 1 टक्का किंवा निस्टॅटिनचं क्रीम देतात. ते आधी पातळ लावायचं, काही मिनिटं मुरू द्यायचं, वर झिंक. उलट क्रमाने लावलं तर औषध झिंकच्या थरावरच बसून राहतं. दिसायला बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून देऊ नये, नाहीतर आठवड्यात परत. क्लोट्रिमाझोलची पावडर मोठ्यांच्या जांघेला ठीक, बाळाच्या मानेला नको, कारण वर सांगितलेला धुरळा.

आणि आता मेडिकलच्या काउंटरवरची खरी धोक्याची जागा. कँडिड म्हणून क्लोट्रिमाझोलचं क्रीम मिळतं आणि शेजारीच कँडिड-बी. त्या एका अक्षरात बेक्लोमेथासोन नावाचं स्टिरॉइड आहे. शेजाऱ्यांकडे 'एका रात्रीत गेलं' असं कौतुक ज्या ट्यूबचं असतं ती बहुतेक वेळा असली मिश्र मलमं: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड एकत्र. लाली खरोखरच एका रात्रीत उतरते, कारण स्टिरॉइड सूज दाबतं. खालची बुरशी मात्र निवांत पसरत राहते. वळीत कातडी पातळ आणि झाकलेली, त्यामुळे तिथे स्टिरॉइड उघड्या हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि वरून डायपर असेल तर पट्टी बांधल्यासारखंच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडांची नावं डोळ्यांत तेल घालून शोधावीत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मागितलं की मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर कधी हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टिरॉइड मोजून दोन-चार दिवस देतात, ते त्यांचं काम.

मलमांच्या गप्पा जिथे थांबवायच्या त्या खुणा वेगळ्या: वळी आगीसारखी लाल आणि चकचकीत, कड आखल्यासारखी, सुटे ठिपके नाहीत, पण कुजका वास, पिवळा पू किंवा फोड, बाळ मान हलवली की कळवळतं, अंगात ताप. ही स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूची लागण असू शकते आणि तिला पोटातून औषध लागतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. वळ्यांबरोबर डोक्यावर पिवळट खपल्या असतील, किंवा तोंडाभोवती, हातापायांवर आणि ढुंगणावर एकदम चट्टे उठून जुलाबही लागले असतील, तर कारण दुसरंच असू शकतं. बालरोगतज्ज्ञांना सगळं अंग उघडून दाखवावं, फोटो पाठवून भागत नाही.

दुकानात जाताना वाक्य नेमकं ठेवा: "दादा, साधं झिंक ऑक्साइडचं मलम द्या, वासाचं नको, आणि नावापुढे बी, सी, एन असं काही लागलेलं नको." दुकानदाराने "हे घ्या ताई, जास्त भारी आहे" म्हणत दुसरी ट्यूब पुढे केली तर ती उलटी करून बारीक अक्षरं तिथेच वाचा. घरी आणल्यावर झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा, ट्यूब स्वयंपाकघराच्या ओट्यापासून लांब ठेवा, आणि बोट थेट डबीत घालू नका. डबीपेक्षा ट्यूब बरी ती याच कारणाने.