आठ महिने दोघांनी मिळून बबल बॉबल खेळल्यानंतर

सुरुवातीलाच सांगते, हा रिव्ह्यू चार दिवस खेळून लिहिलेला नाहीये. गेले आठ महिने मी आणि माझा धाकटा भाऊ जवळपास रोज रात्री अर्धा-पाऊण तास बबल बॉबल खेळतोय. बबल बॉबल ४ फ्रेंड्स घेतला तेव्हा डोक्यात होतं की नवीन गेम खेळायचा आणि आत जो १९८६ चा मूळ आर्केड (म्हणजे गेम पार्लरमधल्या मशीनवरचा) गेम दिलाय तो एकदा उघडून बघायचा, बस. झालं उलटंच, नवीन गेम दोन आठवड्यांत बाजूला पडला आणि मूळ गेम अजून चालूच आहे.

ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताइतो कंपनीचा हा गेम, फुकियो मित्सुजी यांनी डिझाइन केलेला. बब आणि बॉब नावाचे दोन छोटे ड्रॅगन, एक हिरवा एक निळा, मूळचे माणसंच पण जादूने असे झालेत, आणि त्यांच्या मैत्रिणींना पळवून नेलंय. १०० लेव्हल, प्रत्येक लेव्हल एकाच स्क्रीनवर बसते. बटणं दोनच, एक उडी आणि एक बबल. शत्रूवर बबल फुंकला की तो आत अडकतो, मग तो बबल फोडला की शत्रू खल्लास. वेळेत फोडला नाही तर तो सुटतो आणि चिडून लाल होऊन आणखी जोरात अंगावर येतो. नियम एवढाच, पाच मिनिटांत कुणालाही कळतो.

पण हे कळणं आणि गेम कळणं यात खूप अंतर आहे. पहिला महिनाभर आम्ही दिसला शत्रू की अडकव आणि फोड, अडकव आणि फोड, असंच करत होतो. तिसाव्या लेव्हलच्या आसपास रोज दोघांच्या सगळ्या लाइफ संपायच्या. मग एकदा भावाच्या लक्षात आलं की एक फोडला की १००० पॉइंट मिळतात, पण दोन एकत्र फोडले की २०००, तीन एकत्र ४०००, आणि हे असं दुप्पट दुप्पट होत सात एकत्र फोडले तर ६४००० पर्यंत जातं. म्हणजे फोडायची घाई करायचीच नाही. सगळ्यांना बबलमध्ये घ्यायचं, ते तरंगत तरंगत वर एका कोपऱ्यात गोळा होईपर्यंत थांबायचं, आणि मग एका उडीत सगळा झुबका फोडायचा, कारण एकमेकांना चिकटलेले बबल एकापाठोपाठ एक फुटत जातात. आणि तीन किंवा जास्त एकत्र फोडले की एक्सटेंड या शब्दाची अक्षरं असलेले बबल यायला लागतात, सहाही अक्षरं जमली की एक लाइफ फुकट आणि ती लेव्हल तिथेच पूर्ण. तेव्हापासून आमच्या घरात रोज रात्री एकच वाक्य ऐकू येतं, "ताई थांब, फोडू नको, अजून एक येतोय!"

हे थांबणंच खरा गेम आहे असं माझं ठाम मत झालंय. लोक याला अ‍ॅक्शन गेम समजतात, लहान मुलांचा गोड गेम समजतात, पण हा खरं तर कोड्यांचा गेम आहे. प्रत्येक लेव्हलमध्ये हवेचे न दिसणारे प्रवाह ठरलेले आहेत. तुम्ही फुंकलेला बबल आधी थोडा सरळ जातो, शत्रूला पकडायची ताकद तेवढ्यापुरतीच असते, आणि त्यानंतर तो प्रवाहाबरोबर वाहायला लागतो. तो कुठे जाऊन जमणार हे प्रत्येक लेव्हलला वेगळं. काही लेव्हल अशा आहेत की वरच्या प्लॅटफॉर्मवर उडी पोचतच नाही. तिथे बबल फुंकायचा, त्याच्यावर उडी मारायची आणि बटण दाबून धरायचं. दाबून धरलं तर बबलवरून उसळी मिळते, सोडलं की बबल फुटतो आणि तुम्ही खाली. हे हाताला बसायला मला पूर्ण तीन आठवडे लागले. एकदा बसलं की मात्र बंद खड्ड्यातून सुद्धा एकावर एक बबल टाकत वर येता येतं, आणि तो जो आनंद आहे ना, तो आजकालच्या मोठ्या मोठ्या गेममध्ये मला मिळालेला नाही. खाली भोक असेल तर त्यातून पडल्यावर तुम्ही वरून परत स्क्रीनमध्ये येता, म्हणजे काही ठिकाणी वर जायचा सगळ्यात जवळचा रस्ता खाली पडण्यात असतो. हे मला जाम आवडतं.

पाण्याचे, विजेचे आणि आगीचे बबल पण आहेत. पाण्याचा फोडला की धार प्लॅटफॉर्मवरून खाली वाहते, शत्रूला घेऊन जाते आणि मध्ये आलात तर तुम्हाला पण. विजेचा फोडला की वीज तुमचं तोंड ज्या दिशेला आहे त्याच्या उलट दिशेला जाते. ही उलट दिशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे खाऊ आणि वस्तू उगाच कुठूनही येत नाहीत. बरेच महिने मी नशीब समजत होते, की आज बूट मिळाले, आज मिळाले नाहीत. प्रत्यक्षात गेम आतल्या आत मोजत असतो, तुम्ही किती उड्या मारल्या, किती बबल फुंकले, किती फोडले, किती अंतर पळालात, आणि त्या मोजणीवर पुढची वस्तू ठरते. खूप पळालात तर बूट येतात आणि स्पीड वाढतो. पाण्याचे बबल बरेच फोडले तर छत्री येते आणि काही लेव्हल एकदम पुढे जाता. वेगवेगळ्या रंगाच्या गोळ्यांनी बबल लांब जातो, वेगाने जातो किंवा भराभर सुटतो. हे कळल्यावर आम्ही लेव्हल संपत आली की शेवटचा शत्रू बबलमध्ये ठेवून नुसत्या उड्या मारत बसायचो. फक्त जास्त रेंगाळायचं नाही, कारण वेळ झाला की स्क्रीनवर 'हरी अप' अशी सूचना येते, म्युझिकचा वेग वाढतो, सगळे शत्रू चिडतात आणि मग तो पांढरा हाडांच्या सापळ्यासारखा बॅरन फॉन ब्लब्बा येतो ज्याला काहीच करून मारता येत नाही, नुसतं पळायचं.

म्युझिकबद्दल दोन शब्द. जवळपास अख्खा गेम एकच धून चालते. घरातल्या बाकीच्यांना वैताग येऊ शकतो, आम्हाला आला नाही. आता भांडी घासताना पण तीच तोंडात येते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसले. हा गेम एकट्याने खेळू नका. मित्सुजींना आर्केडमध्ये मुली आणि जोडपी यावीत, दोघांनी मिळून खेळावं असं वाटत होतं आणि ते गेमच्या हाडामांसात उतरलंय. मी मध्ये भाऊ महिनाभर बाहेर होता तेव्हा एकटी खेळत १०० व्या लेव्हलपर्यंत पोचले. किती खूश होते! आणि शेवटी गेम सांगतो की हा खरा शेवट नाही, मित्राला घेऊन परत ये. मी दोन मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले. राग नाही आला, खरं सांगते, उलट डोळ्यात पाणी आलं. एखादा गेम कौशल्य तपासतो, चिकाटी तपासतो, पण तू कुणाबरोबर आलीस हे विचारणारा गेम मी दुसरा खेळलेला नाही. १९८६ साली कुणाला हे सुचलं याचंच मला कौतुक वाटतं.

दोघं असलात की सगळंच बदलतं. एकजण खाली शत्रू अडकवतो, दुसरा वर जमलेले बबल सांभाळतो. एकाने फुंकलेल्या बबलवर दुसरा चढतो. भांडणं पण होतात, कारण पॉइंट फोडणाऱ्याला मिळतात आणि एक्सटेंडची अक्षरं ज्याने घेतली त्याची. आमचा नियम ठरलाय की ज्याच्याकडे जास्त अक्षरं आहेत त्याला उरलेली घेऊ द्यायची. शिवाय २०, ३० आणि ४० व्या लेव्हलपर्यंत लाइफ न गमावता पोचलं तर तिथे गुप्त खोलीचं दार उघडतं, आत हिरेच हिरे. आम्ही वीसची खोली बऱ्याचदा बघितली, तीसची दोनदा, चाळीसची एकदाही नाही.

नंतरच्या व्हर्जनबद्दल आता. मधल्या काळात आम्ही जमेल तेवढे सगळे खेळून बघितले.

रेनबो आयलंड्स, १९८७ चा, मित्सुजींचाच. यात बब आणि बॉब परत माणसं झालेत, बबलच्या जागी इंद्रधनुष्य काढायचं, त्यावरून चालत वर वर जायचं, उशीर केला तर खालून पाणी चढत येतं. दिसायला फार सुंदर आणि सात रंगांचे हिरे क्रमाने गोळा करायचं कोडं तर मूळ गेमपेक्षाही खोल आहे. पण आर्केडमध्ये दोघांनी आळीपाळीने खेळायचं, एकत्र नाही. त्यामुळे मी त्याला एकटीचा गेम म्हणून जपून ठेवलाय, आणि एकटीचा गेम म्हणून तो अप्रतिम आहे. पॅरासोल स्टार्स, १९९१ चा, पीसी इंजिन नावाच्या कन्सोलवरचा, छत्रीने थेंब झेलायचे आणि फेकायचे, हा दोघांना एकत्र खेळता येतो, मजा आली, पण आम्ही परत परत नाही गेलो.

बबल सिम्फनी मात्र, १९९४ चा, मूळ गेमचा खरा वारस. चार ड्रॅगनमधून निवडायचं, प्रत्येकाचा वेग आणि बबलचा पल्ला वेगळा, बटण दाबून धरलं तर एकदम जास्त बबल सुटतात, आणि काही लेव्हल झाल्या की दोन दारांतून कुठे जायचं ते ठरवायचं. मूळ गेममध्ये नसलेली ही रस्ता निवडण्याची गंमत दोघांनी वाद घालत खेळायला फार भारी आहे. फक्त स्क्रीनवर इतकं काही चालू असतं की शांतपणे बबल जमवायची मजा थोडी कमी होते. त्यानंतरच्या बबल मेमरीजमध्ये मोठे शत्रू आणि त्यांच्यासाठी मोठे बबल आहेत, कल्पना चांगली, पण मला त्यात तो हलकेपणा सापडला नाही. याच ड्रॅगनचा पझल बॉबल बऱ्याच जणांनी खेळला असेल, रंगीत गोळे जुळवायचा, पण तो पूर्ण वेगळाच प्रकार.

घरच्या कन्सोलवर जी रूपं आली त्यात सेगाच्या मास्टर सिस्टम कन्सोलवाल्यात २०० लेव्हल आहेत. आणि एक सावधगिरी, निन्टेन्डो डीएसवर आलेल्या बबल बॉबल रेव्होल्यूशनच्या अमेरिकन आवृत्तीत ३० व्या लेव्हलचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, येतच नाही, त्यामुळे पुढे जाताच येत नाही. जुनं कार्ट्रिज घेणार असाल तर आधी ती कुठली आवृत्ती आहे ते बघा.

४ फ्रेंड्स २०१९ चा. चार जण एकत्र, मोठे गुबगुबीत खेळण्यासारखे ड्रॅगन, एक्सटेंडची अक्षरं जमवली की नवीन स्किल मिळतात. लहान मुलं किंवा कधीच न खेळलेले पाहुणे असतील तर हाच लावा, कारण चार जण बसले की धमाल येते. पण मला तो थोडा संथ आणि जड वाटला. मूळ गेममध्ये ड्रॅगन बोटाबरोबर हलतो, यात तो किंचित मागे राहतो असं वाटतं. तरी तक्रार नाही, याच्याचमुळे मूळ गेम घरात आला.

वापराच्या दोन टिप्स. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा, नाहीतर बबलवरची उसळी हुकते आणि चूक आपलीच वाटत राहते. मी पहिले पंधरा दिवस हेच भोगलंय. आणि कंट्रोलरच्या स्टिकवर खेळू नका, डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर खेळा. आमच्या दुसऱ्या कंट्रोलरची स्टिक चौथ्या महिन्यात आपोआप डावीकडे ओढायला लागली, तेव्हा नाइलाजाने डी-पॅडवर आलो आणि लक्षात आलं की आधीपासून हेच करायला हवं होतं.

शंभरावी लेव्हल दोघांनी मिळून सातव्या महिन्यात केली. समोर तो भलामोठा शेवटचा शत्रू, सुपर ड्रंक, अख्ख्या स्क्रीनभर टप्पे खातोय आणि बाटल्या फेकतोय. तिथली औषधाची बाटली घेतली की तुमच्या तोंडून विजेचे बबल निघतात, आणि वर सांगितलं तसं वीज उलट दिशेला जाते, म्हणजे त्याच्याकडे पाठ करून फोडायचं. पहिल्या आठ-दहा वेळा मी घाबरून त्याच्याकडेच तोंड करायचे आणि सगळी वीज भिंतीत. भाऊ ओरडतोय, "ताई पाठ, पाठ कर!" शेवटी सुपर ड्रंक बबलमध्ये अडकला आणि गोल गोल फिरायला लागला, आणि नेमकं तेव्हा दोघंही थांबलो, कोणी फोडायचा म्हणून. मी म्हटलं तू फोड, तो म्हणाला तू. शेवटी दोघांनी एकदमच उडी मारली.

पुढचा शेवट सांगत नाही, स्वतः बघा. त्यानंतर सुपर मोड उघडतो, लेव्हल त्याच पण शत्रू बदललेले, रंग बदललेले आणि पहिल्या लेव्हलपासून जोरात. आम्ही सध्या त्यात ४६ वर आहोत, आणि काल रात्री भावाची शेवटची लाइफ गेली तेव्हा माझ्याकडे दोन उरल्या होत्या, तरी मी गेम बंद केला. आज परत एकपासून.