कूलंट प्रेशर टेस्टर किट : जुन्या टर्बो गाडीचं न दिसणारं लीकेज शोधायला घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, वस्तू कामाची आहे. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येतंय. हातपंप, त्याच्यावर मीटर, लांब नळी आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीवर झाकणाच्या जागी बसणारे भरपूर ॲडॅप्टर, असं सगळं एका पेटीत येतं. मी ऑनलाइन घेतलं, साडेचार हजाराच्या आसपास पडलं. मोठ्या ब्रँडचं नाहीये, अशी किट वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतला माल बऱ्यापैकी सारखाच असतो.

गाडी म्हणजे २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस. ज्यांनी चालवलीय त्यांना काय सांगायचं, तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की आजही मजा येते आणि म्हणूनच ही गाडी विकायची नाहीये मला. आता एवढ्या वर्षांत रबर कडक होणार, प्लास्टिक ठिसूळ होणार, त्यात कंपनीला बोल लावण्यासारखं काही नाही, कुठल्याही जुन्या गाडीचं हेच होतं.

झालं काय की कूलंट कमी व्हायला लागलं पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब दिसेना. टॉप अप केलं की थोडे दिवस बरं, परत लेव्हल खाली. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर लाल दिवा लागला आणि बीप वाजला, गाडी बाजूला घेतली, चांगली थंड होऊ दिली आणि मग बघितलं तर टाकीतली लेव्हल मिनच्या (किमान) खुणेच्या खाली. तापमानाचा काटा मात्र शेवटपर्यंत ९० वर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, या गाड्यांचा काटा मुद्दाम तसाच ठेवलेला असतो, खरं तापमान साधारण ७५ ते १०५ अंशांच्या मधे कुठेही असलं तरी तो ९० वरून हलत नाही. त्यामुळे काटा हलायची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो. दिवा लागला की थांबायचंच.

मग एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली, नाव घेत नाही. तिथे बोनेट उघडून टॉर्च मारला आणि लगेच सांगितलं, "साहेब, वॉटर पंप गेलाय, रेडिएटर पण बदलून टाका बरोबर." एस्टिमेट हातात. ह्या इंजिनमध्ये वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणजे पंप काढायचा तर बेल्ट, टेन्शनर सगळं खोलायचं, मजुरी वेगळी. मी म्हटलं कुठून गळतंय ते दाखवा ना, तर उत्तर आलं की जुन्या गाडीत असंच असतं. ह्याचा मला खरंच राग येतो. गळती ही दिसणारी गोष्ट आहे, ती शोधून दाखवता येते, आणि न शोधता पार्ट बदलत जाणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज बांधणं झालं.

आता हे किट नेमकं करतं काय. कूलंटची सिस्टीम गाडी तापल्यावर दाबाखाली असते, त्या दाबामुळेच पाणी १०० ला उकळत नाही, एक बार (दाबाचं एकक) जादा दाब असला तर साध्या पाण्याचा उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. म्हणजे लीकेज सुरू होतं ते गाडी गरम असताना, आणि तेव्हा तुम्ही आत हात घालू शकत नाही, पंखा कधीही सुरू होतो, टर्बो तर लालबुंद तापलेला. गाडी थंड झाल्यावर बघायला जावं तर दाबच उरलेला नसतो आणि गळती बंद. टर्बो गाडीत आणखी एक वांधा असा की टर्बोजवळ गळलेलं कूलंट तिथल्या तिथे वाफ होऊन जातं, खाली पोचतच नाही, फक्त बोनेटमधून गोडसर वास येतो. जे पोचतं ते खालच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये साठतं आणि चालत्या गाडीत उडून जातं. म्हणून पार्किंगची फरशी कोरडी आहे म्हणजे लीकेज नाही असं समजू नका. हा टेस्टर थंड इंजिनमध्ये गरम इंजिनचा दाब तयार करतो, बस एवढंच, पण त्या एवढ्याशाने सगळं काम सोपं होतं.

आमच्या इथल्या मिस्त्रींना, काकाच म्हणतो मी त्यांना, विचारलं येता का रविवारी, तर ते आले आणि खालचं कव्हरही त्यांनीच काढून दिलं. गाडी रात्रभर उभी होती, पूर्ण थंड. टाकीचं झाकण काढलं, त्या जागी ॲडॅप्टर बसवला, पंप मारत मारत १ बारपर्यंत नेलं. त्याच्यावर जायची गरज नाही, या गाड्यांच्या झाकणाचा व्हॉल्व्हच १.४ ते १.६ बारला उघडतो, जुन्या होजवर (रबरी नळ्यांवर) उगाच ताण कशाला. मीटरचा काटा बघत बसलो तर सरकतोय हळूहळू, पाच-सात मिनिटांत ०.८ वर आला. काका म्हणाले, "थांब, आधी हा तुझा पंपच तर गळत नाही ना बघ." आणि बरोबर निघालं, नळी जिथे पंपाला जोडते त्या कपलरवर साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे. तो कापला गेलेला स्टार हाच! आतली ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) पातळ दिलीय, काकांनी त्यांच्या डबीतली एक जाड बसवली, बुडबुडे बंद. पण काटा तरी उतरतच होता, म्हणजे गाडीतही गळती आहेच.

मग शोधाशोध. ह्या इंजिनमध्ये हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला, आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत डाव्या बाजूला, एक काळा प्लास्टिकचा फ्लँज असतो, त्यातून मोठे होज निघतात आणि त्यातच कूलंटचा टेंपरेचर सेन्सर एका क्लिपने अडकवलेला असतो. वरून बघितलं तर स्वच्छ. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च खालून घातला तेव्हा दिसलं, फ्लँज हेडला जिथे चिकटतो त्या सांध्याखाली गुलाबी-पांढरी खपली जमलेली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तिच्या टोकाला एक थेंब तयार झाला, मोठा झाला, आणि गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर (इंजिनला जोडलेल्या कवचावर) पडला. खाली हात लावला तर चिकट. इतके महिने जे कुठे जातंय कळत नव्हतं ते हे.

फ्लँज, त्याची ओ-रिंग आणि सेन्सरची ओ-रिंग पुण्यात नाना पेठेत मिळाली, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. सेन्सरची ओ-रिंग दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, ती जुनीच ठेवू नका, उघडलंय तर बदलाच. बसवण्याआधी हेडवरची जागा अगदी गुळगुळीत होईपर्यंत साफ केली कारण जुनी खपली राहिली तर नवीन ओ-रिंगही गळणार, आणि बोल्ट बेताने आवळले, प्लास्टिक आहे शेवटी.

परत दाब दिला. आता काटा बराच वेळ थांबला पण पूर्ण नाही, अगदी किंचित उतरला. बरेच जण इथे समाधान मानतात, मी किटबरोबर आलेली यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) वापरायचं ठरवलं. ती कूलंटमध्ये टाकून गाडी थोडे दिवस चालवली आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघितलं. टर्बो ह्या गाडीत इंजिनच्या मागे, फायरवॉलकडे बसलाय, त्याला ऑईल आणि कूलंट दोन्हीच्या लाइन जातात. कूलंटच्या परतीच्या पाइपच्या बँजो बोल्टपाशी (आतून पोकळ, ज्यातून कूलंट जातं असा बोल्ट) हिरवट चमकणारी बारीक रेघ दिसली. तिथे तांब्याचे वॉशर असतात, वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ते बसतात आणि पकड सोडतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवीन टाकले. हात घालायला जागा इतकी कमी आहे की हे काम काकांनीच करावं, त्यांनी मजुरी मागितली ती मी घासाघीस न करता दिली. त्यानंतर १ बारवर अर्धा तास ठेवलं, काटा हललाच नाही. वॉटर पंप आणि रेडिएटर अजून तेच जुने आहेत आणि कोरडे ठणठणीत आहेत.

किटमध्ये झाकण तपासायचा ॲडॅप्टरही आहे. नक्की वापरा, कारण झाकणाचा व्हॉल्व्ह कमी दाबालाच सुटत असेल तर कुठेही लीकेज नसताना कूलंट बाहेर जातं आणि माणूस इंजिनभर शोधत बसतो. माझं झाकण नीट निघालं.

हे किट काय सांगत नाही तेही लिहितो. हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं सील) गेलं असेल आणि गळती सिलिंडरच्या आत असेल तर काटा उतरेल पण बाहेर थेंब दिसणार नाही. तेव्हा एक वेगळा टेस्टर लागतो, निळ्या पाण्याचा, टाकीच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवायचं, जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते निळं पाणी पिवळं होतं. आणि काटा उतरतोय, बाहेर सगळं कोरडं, पण पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागत असेल तर हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) बघा. दाब देताना इंजिन पूर्ण थंडच पाहिजे हे परत सांगतो, कोमट इंजिन गार होता होता दाब आपोआप कमी होतो आणि नसलेलं लीकेज असल्यासारखं वाटतं. गरम गाडीचं झाकण तर उघडूच नका, तोंडावर येतं.

लीकेज बंद करणारं जे बाटलीतलं औषध मिळतं ते मला कितीतरी जणांनी सुचवलं. टर्बो गाडीत कृपया टाकू नका. टर्बोच्या कूलंटच्या वाटा आणि हीटर कोअरच्या नळ्या बारीक असतात, ते औषध भोक आणि वाट यात फरक करत नाही. तसंच कूलंट एकाच जातीचं ठेवा, या गाडीत लाल जी-१२ चालायचं, त्यात कुठल्याही पेट्रोल पंपावरचं हिरवं ओतलं की तपकिरी गाळ होऊ शकतो. अडचणीत सापडलात तर डिस्टिल्ड वॉटर टाका, बोअरचं पाणी नको, क्षार बसतात.

तक्रारी म्हणाल तर कपलरचं सांगितलंच. यूव्ही टॉर्च अगदीच मिणमिणता आहे, मी शेवटी वेगळा घेतला. मीटरवर बारचे आकडे बारीक आणि पीएसआयचे मोठे आहेत, तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय धरून चाला. ॲडॅप्टरवर नंबर आहेत पण कुठला नंबर कुठल्या गाडीला ते सांगणारा कागद अर्धवट आहे, त्यामुळे ऑर्डर द्यायच्या आधी आपल्या टाकीचं झाकण थंड इंजिनवर उघडून तोंडाचा आणि आट्यांचा फोटो काढा, विक्रेत्याला पाठवा आणि ह्या गाडीचा ॲडॅप्टर पेटीत आहे का हे लेखी विचारून घ्या, मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं होतं.