यूएसबी कॅसेट प्लेअर: जुन्या टेपांना कितपत पुरतो?

रेडिओवरून टेप केलेली नाट्यगीतं, आजीच्या आवाजातल्या ओव्या कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाहीत. त्या संगणकात उतरवायला हे वॉकमनएवढं स्वस्त यंत्र. बोलण्याच्या टेपांना चालेल. गाण्याला मात्र त्याची मोटर दगा देते. टेप सेकंदाला ४.७६ सेंमी वेगाने सरकायला हवी. वेग जरा हलला की तंबोरा डुगडुगतो, आणि ते नंतर सॉफ्टवेअरने धड निस्तरता येत नाही. सेल उतरले की वेग पडतो, म्हणून यूएसबीवरच चालवा.

आवाज दबका आला तर आधी हेड, म्हणजे टेप वाचणारा धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरी फरक नसेल, तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी किंचित फिरवत ‘स’, ‘श’ मोकळे होतील तिथे थांबा. कॅसेटमधला फेल्टचा तुकडा गळाला असेल, तर टेप हेडला टेकतच नाही. स्क्रूच्या कॅसेटमध्ये दुसरा बसवता येतो. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर लावूच नका, ती हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते.

ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर) थेट एमपीथ्री नको, न दाबलेली वेव्ह फाइल ठेवा: ९० मिनिटांना सुमारे ९५० एमबी. घरात चालू कॅसेट डेक असेल तर हे यंत्र घेऊच नका. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाला जोडणारी वायर पुरते.